पालथी ताटं

ताटं सुलटी होती. भोंगा हात पुसत दारातच थांबला आणि टेबलाकडे बघत राहिला. दोन ताटं, दोन वाट्या, पाण्याचे दोन ग्लास, सगळं खुशाल उघडं, छताकडे तोंड करून. लग्न होऊन या क्वार्टर्समध्ये राहायला आल्यापासून वाढायच्या आधी त्याच्या घरात ताट कधी सुलटं दिसलं नव्हतं. त्याच्याच कशाला, पॉवरहाऊसच्या वसाहतीत कुणाच्याच घरात दिसलं नसतं. ताट पालथं ठेवायचं, वाढणारं माणूस भांडं घेऊन समोर आलं की उलटायचं, आणि वाढून झालं की मान खाली घालून मुकाट्यानं जेवायला लागायचं. गप्पा मारत बसलात की चिमणीची राख जेवणावर येऊन बसलीच म्हणून समजा, आणि मग दाताखाली ती बारीक कचकच. वसाहतीतली माणसं बाहेर कुठंही गेली तरी यावरूनच ओळखू येतात. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसली की समोरचं ताट पालथं घालतात, आणि खुर्चीवर टेकायच्या आधी फुंकर मारतात. साहेबलोकांच्या पार्टीत एकदा म्हातारा फोरमन मखमली सोफ्यावर फुंकर मारून बसला, तेव्हा साहेबांच्या बायकोनं हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला होता. भोंग्याला तो रुमाल अजून आठवत होता. पांढराशुभ्र होता. साहेबांच्या बंगल्यांकडे वारा कधी जात नसे. वसाहत बांधणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट मात्र डोकं लावून केली होती.

"ताटं सुलटी ठेवलीस," तो म्हणाला.

ओट्यापाशी त्याची बायको थबकली. मग तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं, गॅस बारीक केला, ओले हात पुसले, आणि खोकली.

"विसरले मेली," म्हणत ती लगबगीनं बाहेर आली, दोन्ही ताटं पालथी घातली, वाट्या पालथ्या घातल्या, आणि जाताजाता पुन्हा एकदा खोकली. "बसा तुम्ही. आज बोलायचंय ना? रिकाम्या पोटी आवाज चढत नाही तुमचा."

भोंगा बसला. बसण्याआधी त्यानं खुर्चीवर फुंकर मारली. काहीच उडालं नाही. महिना-सव्वा महिना झाला, चिमणी थंड होती, काय उडणार होतं? पण तो विचार करत होता पातेल्याचा. खोकायच्या आधी तिनं पातेलं खाली ठेवलं होतं. गॅस बारीक केला होता. हात पुसले होते. इतकी वर्षं तो ज्या खोकल्याशेजारी झोपला, जेवला, भांडला, तो खोकला असा सवडीनं येणाऱ्यांतला नव्हता. तो आला की हातातलं सांडायचं. आधी घशात नुसतं खरखरायचं, मग ती बोलता बोलता गप्प व्हायची, एक हात दाराच्या चौकटीकडे जायचा, आणि मग खालून कुठून तरी, पोटरीतून आल्यासारखा तो वर यायचा, आणि ती चौकट धरून वाकायची. चौकटीवरचा तेवढा रंग तिच्या हातानं गेला होता. आत्ताचा खोकला नुसता मधलाच भाग होता. त्याला सुरुवात नव्हती आणि शेवट नव्हता. बिऱ्हाडकरूनं घरमालकाला आपण घरी आहोत हे कळावं म्हणून खोकावं, तसा.

आणि रात्री? रात्री ती शेवटची कधी उठून बसली होती? त्याला आठवेना. त्याला वाटत होतं, कामावर जायचं नाही म्हणून आपल्याला हल्ली गाढ झोप लागते. आपण कसले गाढ झोपतो. घरात झोपू देण्यासारखी शांतता होती, एवढंच. मूर्खासारखं महिनाभर तो त्या शांततेत घोरत पडला होता आणि ती दिवसा, त्याच्यासमोर, गॅस बारीक करून खोकत होती.

तिनं वाढलं. तो जेवला. दाताखाली काही आलं नाही, आणि ते न येणंच त्याला आता दर घासाला लागायला लागलं.

भोंगा हे त्याचं नाव हजेरीपटावर नव्हतं, पण तोंडात सगळ्यांच्या तेच होतं. बॉयलरच्या घरघरीतही या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज होता त्याचा, म्हणून युनियननं त्याला सेक्रेटरी केलं. अध्यक्ष म्हणून एक सुस्त गृहस्थ होते. ते सभेत डोळे मिटून बसत आणि टाळ्या पडल्या की उघडत. बोलायचं काम भोंग्याचं. आणि शहरातून येणारी, झाडं वाचवा, हवा वाचवा म्हणणारी ती झाडवाली बाई आणि तिची माणसं चिमणी बंद करा म्हणत वसाहतीच्या फाटकावर पहिल्यांदा येऊन उभी राहिली, तेव्हापासून त्याच्या बोलण्यात एक हुकमी पान आलं होतं. ते पान म्हणजे बायकोचा खोकला. "धुराचं मला सांगू नका," तो म्हणायचा, आणि मग जरा थांबायचा; थांबायचं कुठं हे त्याला उपजतच कळत असे. "धूर माझ्या घरात आहे. माझी बायको रात्र रात्र बसून काढते. तुमच्यापैकी एकानं तरी तो खोकला ऐकलाय? मी ऐकलाय. आणि तरीही मी सांगतो, चिमणी चालू राहिली पाहिजे, कारण तीच बाई मला सांगते, खोकून मरेन पण पोराला घरी बसलेला बघणार नाही." लोक पाणावल्या डोळ्यांनी टाळ्या पिटत. ती असं कधी म्हणाली होती का, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही तिला विचारलं नाही. खोकला तिचा, वाक्य त्याचं, टाळ्या युनियनच्या, असा सगळा चोख कारभार होता.

झाडवाल्या बाईचा त्याला मनापासून तिटकारा होता. तिची ती कापडी पिशवी, पाण्याची स्वतःची बाटली, आणि "दादा" म्हणताना मान तिरकी करायची लकब. पृथ्वी तापतेय म्हणून ती वसाहतीत सांगायला आली तेव्हा तिची गाडी बाहेर इंजिन चालू ठेवून उभी होती, आत ड्रायव्हर गारव्यात झोपला होता. पृथ्वी तापतेय. बॉयलरसमोर आयुष्य काढलेल्या माणसाला तापण्याचं काय कौतुक? तिच्या शहरातल्या दुकानांच्या पाट्या भर दुपारी झगमगत असतात, त्या कुणाच्या फुफ्फुसावर, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं दुःख ती फार छान चेहऱ्यानं करत असे. चिमणी बंद झाल्यावर माणसांनी करायचं काय, यावरही तिच्या लोकांकडे उत्तर होतं. वसाहतीच्या हॉलमध्ये त्यांनी शिबिर घेतलं. टाय लावलेला एक पोरगा येऊन अळंबीची लागवड शिकवून गेला. अंधारी, दमट खोली असली की झालं, तो म्हणाला. टर्बाइनवरचे, बॉयलरवरचे, पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेले बाप्ये मांडीवर हात ठेवून अळंबीची चित्रं बघत होते. शेवटी प्रत्येकाला एकेक पिशवी दिली, घरी नेऊन पलंगाखाली ठेवा म्हणून. भोंग्याच्या बायकोनं ती खरंच ठेवली, पाणी शिंपडलं, आणि एक दिवस पिशवीतून कानासारखं काहीतरी उगवलं. ते बघून त्याला ओकारी आली. ती मात्र हसत होती.

ती हसली होती. आणि हसताना मध्ये थांबली नव्हती. ते त्याच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

तिरस्कार काही एकट्या झाडवालीचाच नव्हता. कंपनीचा डॉक्टर होता, जो वसाहतीतल्या बायकांनाही आधी विडीकाडी सोडा म्हणून सांगायचा आणि मग एकाच मोठ्या बरणीतलं लाल औषध सगळ्यांच्या बाटल्यांत ओतायचा. साहेब होते, जे युनियनला हल्ली "आपले लोक" म्हणायला लागले होते. चिमणीला राख अडवणारी यंत्रणा बसवायची बाब ते दरवर्षी पुढच्या वर्षावर टाकत, आणि बंदीचा हुकूम आल्यावर तेच साहेब कामगारांच्या मोर्चाला पाणी वाटत उभे होते. आणि मुलगा होता. मुलगा ठिकठिकाणी नोकऱ्या धरून, सोडून, हाकलला जाऊन शेवटी इथं कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटात चिकटला होता. चिकटला होता हाच शब्द खरा. पट्टा बंद झाल्यापासून तो आई-बापाच्या घरी येऊन, जेवणाच्या वेळा चुकवून, दुपारी पालथा झोपायचा, संध्याकाळी उठून मोबाइल बघायचा, आणि बाप दिसला की विचारायचा, "काय म्हणतायत?" जणू जग म्हणजे त्याच्या बापाचं आणि कुणाचं तरी आपापसातलं बोलणं होतं. त्याचं तोंड बघितलं की भोंग्याला चीड यायची आणि कीवही. पॉवरहाऊस बंद झालं तर हे पोर असंच पालथं पडून म्हातारं होणार होतं. क्वार्टर सोडावं लागणार होतं. आणि ती ज्या पलंगाखाली अळंबी वाढवत होती तो पलंग कुठं ठेवायचा, हेही ठरायचं होतं.

तिला हे सगळं कळत होतं. म्हणून ती खोकत होती. जेवून उठता उठता हे त्याला लख्ख कळलं, आणि कळल्याबरोबर त्याला प्रेम वगैरे काही वाटलं नाही. राग आला. म्हणजे तिला भरवसा नव्हता त्याचा. आपल्याला बरं वाटतंय हे नवऱ्याला कळलं तर त्याची जीभ अडखळेल, ऐन वेळी तो हळवा होऊन पोराचं नुकसान करेल, अशी तिची खात्री होती. इतक्या सभा, इतके मोर्चे, इतक्या टाळ्या, आणि घरच्या बाईनं त्याला आतून ओळखला होता तो असा, कच्चा. त्यानं बुटाच्या नाड्या बांधल्या. ती दारापर्यंत आली.

"घसा शेकून घेतलात?"

"हो."

"मग या बोलून." आणि चौकटीला हात लावून ती खोकली. हात रंग गेलेल्या जागेच्या जरा वर पडला होता.

चिमणी पुन्हा पेटवायची की नाही याची सुनावणी जिल्ह्याच्या कचेरीतल्या मोठ्या दालनात होती. वसाहतीतली माणसं रांगेनं आत शिरली आणि बसायच्या आधी सगळ्यांनी, एका सुरात म्हणावं तशी, खुर्च्यांवर फुंकर मारली. मंचावरचे समितीचे अधिकारी त्या आवाजानं दचकले आणि मग एकमेकांकडे बघून हसले. मेणानं पॉलिश केलेल्या खुर्च्या होत्या. भोंग्याला त्या अधिकाऱ्यांचाही तिटकारा आला आणि फुंकर मारणाऱ्या आपल्या माणसांचाही. चिमणी महिनाभर बंद, खुर्च्या परक्या, आणि हे फुंकतायत. मेल्यावर चितेवरही फुंकर मारूनच आडवे होतील.

आधी साहेब बोलले, आकडे दाखवून, सगळ्यांना झोप येईपर्यंत. मग अध्यक्षांनी दोन शब्द सांगितले. मग भोंगा उठला आणि दालन जागं झालं. आवाज लागला होता. अळंबीवर हशा मिळाला. कोळशाच्या पट्ट्यावरच्या पोरांबद्दल बोलला तेव्हा मागे कुणीतरी नाक ओढलं. आणि मग, सवयीनं, बैल गोठ्याकडे वळावा तसा तो तिकडे वळला: "धुराचं मला सांगू नका." थांबला. "धूर माझ्या घरात आहे." पुढचं आपोआप आलं. रात्र रात्र बसून काढणं आलं, पोराला घरी बसलेला बघणार नाही आलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी डोळे उघडले.

झाडवाली बाई उठली. तिच्या हातात कागद नव्हता. तिनं मान तिरकी केली नाही आणि दादाही म्हटलं नाही.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "चिमणी बंद होऊन महिना होऊन गेला. ताईंचा खोकला आता कसा आहे?"

मधल्या खुर्चीवरचा अधिकारी, जो इतका वेळ पेनचं टोपण काढत-घालत होता, त्यानं टोपण घालून पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "हो, हे आम्हालाही समजून घ्यायचंय. कारण आरोग्याचा मुद्दाच यात मुख्य आहे."

भोंगा माइकसमोर उभा होता. एवढा मोठा आवाज आणि त्याला आता तो कुठं ठेवावा कळेना. त्याच्या डोळ्यांसमोर पातेलं आलं, पातेलं खाली ठेवणारे ओले हात आले. दुसऱ्या रांगेत मुलगा मोबाइल खिशात घालून बापाकडे बघत होता, आणि लहानपणच्या सवयीनं त्याचं तोंड उघडं पडलं होतं. ती बरी आहे, असं म्हणायचं. एवढंच. रात्री झोपते, हसताना थांबत नाही, ताटं सुलटी ठेवते. त्यानं घसा खाकरला. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्याला खोटं बोलायची गरजच नव्हती. त्याच्यासाठी डबा भरून द्यावा तसं तिनं वाक्य भरून दिलं होतं. त्यानं ते फक्त उघडायचं होतं.

"खोकते अजून," तो म्हणाला. "आज जेवायच्या वेळीच ऐकला. निघताना दारातही खोकली. माझ्या कानांनी ऐकून आलोय."

मागच्या रांगांतून कुणीतरी "घ्या" म्हणालं आणि हशा उसळला. झाडवाली बाई हसली नाही, चिडलीही नाही.

"मला वाटलं होतं, त्यांना आता बरं वाटत असेल," ती म्हणाली. "वाईट वाटलं ऐकून. त्यांना सांगा मी विचारलं म्हणून."

आणि बसली. त्यातलं एकही अक्षर समितीसाठी नव्हतं. भोंग्याला ते कळलं, आणि त्याला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यात त्यानं बाईमाणसावर हात उचलला नव्हता, पण या बाईला कोणी अधिकार दिला होता त्याच्या बायकोसाठी खरंखरं वाईट वाटून घ्यायचा? ते तिनं नेहमीसारखं खोटं, छान चेहऱ्यानं केलं असतं तर सगळं किती सोपं झालं असतं.

समिती आतल्या खोलीत गेली, बाहेर चहा फिरला, समिती परत आली. धूर आणि आजार यांचा थेट संबंध, बंदीच्या काळातही त्रास तसाच राहिल्याचं समोर आल्यानं, निर्विवाद म्हणता येत नाही, असं काहीतरी मधल्या अधिकाऱ्यानं वाचलं. राख अडवणारी यंत्रणा लवकरात लवकर बसवण्याच्या अटीवर चिमणी पेटवायला परवानगी. लवकरात लवकर म्हणताना त्यानं साहेबांकडे बघितलं आणि साहेबांनी लग्नातल्या आहेराला मान डोलवावी तशी डोलवली. मग एकच गलका झाला. भोंग्याला खांद्यावर घ्यायला माणसं धावली. तो जड होता म्हणून पुन्हा खाली ठेवलं. साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. साहेबांचे हात मऊ होते आणि त्यांना साबणाचा वास येत होता.

परतताना मुलगा शेजारी चालत होता आणि त्याच्या चालीत उड्या होत्या.

"मोडलंत त्यांना, बाबा. काय तोंड झालं होतं तिचं." मग चार पावलं गेल्यावर, काही मनात न ठेवता, तो म्हणाला, "पण आई आताशा खोकते कुठं? म्हणजे तुम्ही बाहेर असलात की मी तर..."

बोलता बोलता तो थांबला. भोंग्यानं त्याच्याकडे बघितलं नाही. मुलाला काय ते समजलं असावं, कारण तो जमिनीकडे बघत चालायला लागला. भोंगा वाट बघत होता. आता हा काहीतरी म्हणेल. नको म्हणेल, परत जाऊ म्हणेल, निदान आईचं नाव घेऊन शिवी तरी देईल. मग मुलानं खिशात हात घातले आणि हळूच शीळ घालायला सुरुवात केली. वसाहतीच्या फाटकाशी त्याचे दोस्त उभे होते, तिकडे तो पळत गेला. भोंग्याला त्याची इतकी किळस आली की तो कुणावर गेलाय हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

जिना तो सावकाश चढला. संध्याकाळचं ऊन जिन्याच्या जाळीतून आत आलं होतं आणि त्या उन्हात काहीच तरंगत नव्हतं. इतकी वर्षं त्या उन्हाच्या पट्ट्यात राख नाचताना दिसे. लहानपणी मुलगा ती मुठीत पकडायला बघायचा. मधल्या वळणावर त्याला तिचा आवाज ऐकू आला. ती शेजारणीशी दारातून बोलत होती, लांबलचक काहीतरी, अळंबीचं असावं, कारण मध्येच दोघी हसल्या. ती एका दमात बोलत होती. वाक्याच्या मध्ये कुठंही थांबत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती अशी बोलायची, आणि तो म्हणायचा, अगं श्वास तरी घे. हा आवाज तो विसरूनच गेला होता. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि ऐकत राहिला. वर जाऊ नये, असं त्याला वाटलं. इथंच, या पायरीवर, चिमणी पेटेपर्यंत उभं राहावं आणि तिला बोलू द्यावं. शेजारीण गेली. दार लोटल्याचा आवाज झाला. आत ती भांडी लावत काहीतरी गुणगुणायला लागली.

मग भोंग्यानं मुद्दाम बूट आपटले. एकेका पायरीवर, मोठ्यानं, तिला वेळ मिळावा म्हणून.

गुणगुणणं थांबलं. वरून खोकला आला. दुपारच्यापेक्षा बरा जमला होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. तो आत गेला. ती आत ओट्याशी पाठमोरी होती आणि खोकत होती, आणि टेबलावर दोन ताटं होती, सुलटी. पुन्हा विसरली होती. एका महिन्यात तिचे हात ते विसरले होते आणि कितीही ठरवलं तरी आता ते त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं. भोंग्यानं बूट काढले नाहीत. तो टेबलापाशी गेला, एक ताट उचलून पालथं घातलं, दुसरं पालथं घातलं, वाट्या पालथ्या घातल्या, आणि ग्लासातलं पाणी मोरीत ओतून ग्लासही पालथे घातले.

भांड्यांच्या आवाजानं ती वळली. तोंडाशी हात तसाच होता. तिनं टेबलाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा टेबलाकडे.

"पेटणार?" तिनं विचारलं.

"पेटणार."

"कधी?"

"सोमवारी."

तिनं मान हलवली आणि तोंडावरचा हात खाली घेतला. अर्धा राहिलेला खोकला तिनं पुरा केला नाही. आता त्याची घाई नव्हती.